भोळ्या माश्यांचा पिंजरा

सरांना जेवायला बोलवायचं म्हटलं की आमच्या कॉलेजातले लोक बिचकत. तसे सर मोजकं जेवत, पानात काही टाकत नसत, कुणाच्या स्वयंपाकाला नावं ठेवत नसत. अडचण होती ती त्यांच्या खिशातल्या नळीची. पेनाशेजारी एक काचेची नळी, तिला हातभर रबरी नळी जोडलेली आणि जोडावर मलमलीचा तुकडा. रबराचं टोक तोंडात धरायचं, काचेचं टोक माशीजवळ न्यायचं आणि श्वास आत ओढायचा, की माशी काचेत. हे ते लग्नात करत, बारशात करत. एकदा प्राचार्यांच्या घरी श्रीखंडाच्या पातेल्यापाशी केलं. प्राचार्यांच्या पत्नीचा चेहरा पडला. सरांनी नळी उजेडात धरली आणि मनापासून म्हणाले, "वैनी, लय चांगल्या माश्या हायत तुमच्याकडं." त्या घरचं पुढचं आमंत्रण काही आलं नाही.

कराडजवळच्या त्या कॉलेजात मी प्राणिशास्त्राला तासिका तत्त्वावर लागले, तेव्हा सरांच्या निवृत्तीला चार-पाच वर्षं उरली होती. माझं सासर विट्याच्या अलीकडचं, नवरा फौजेत. रोज एसटीनं यायचं, तास घ्यायचे आणि एसटीनं जायचं, एवढाच माझा बेत होता. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, "बाय, माश्यांची किळस येती का?" मी चुकून नाही म्हटलं. त्या एका शब्दापायी माझी किती वर्षं त्या मागच्या खोलीत गेली.

वर्गात ते घरच्यासारखंच बोलत. विद्यापीठाची माणसं तपासणीला आली तरी भाषा तीच. पोरं त्यांची नक्कल करायची, पण त्यांनी शिकवलेलं विसरायची नाहीत. "औषध माशीच्या अंगात गेलं," सर सांगत, "की तिच्या आत एक एन्झाइम असतंय. एन्झाइम म्हंजे कात्री धरा. ती औषधाचं दोन तुकडं करती, मग ते बाधत न्हाई. कात्री सगळ्याच माश्यांकडं हाय. पण कुणाकडं दोन, कुणाकडं शंभर. आन् कुणाकडं कात्रीचं पातंच निराळं, त्यालाबी धार जास्ती." मग मागच्या बाकाकडं बघून विचारत, "औषध मारून मारून माशी शिकली का रं?" पोरगा हो म्हणाला, की सरांना आनंद व्हायचा. "न्हाई शिकली. दोन कात्रीवाल्या मेल्या. शंभरवाल्या ऱ्हायल्या. आता जी दिसत्यात ती त्यांची पोरं. ज्या मेल्या त्यांच्याबद्दल कोण बोलतंय?" हे शेवटचं वाक्य परीक्षेत येणार नव्हतं, त्यामुळं कुणी लिहून घेत नसे.

विट्याला एका गलाईवाल्यांच्या घरचं लग्न होतं. सोनं गाळायच्या धंद्यात दूर तमिळ मुलखात त्यांनी बस्तान बसवलेलं, त्यामुळं मांडवही तसाच. सर आचाऱ्यांच्या मागं गेले आणि जिलबीच्या परातीजवळ उकिडवे बसून नळी ओढायला लागले. यजमानांना वाटलं, अन्नभेसळवाले साहेब आले. त्यांनी खुर्ची आणली, पंखा वळवला, हात जोडले. "सायेब, तेल आजच फोडलंय." सरांच्या तोंडात नळी, त्यामुळं उत्तर देता येईना, ते नुसती मान हलवत राहिले आणि यजमान घामाघूम. मी मध्ये पडून खुलासा केला तेव्हा यजमान म्हणाले, "माश्या? मग न्या की हव्या तेवढ्या." सरांनी वहीत नोंद केली: विटा, लग्न, जिलबी, अकरा माश्या. त्या वहीत औंधच्या यमाईच्या पायऱ्या होत्या, गुऱ्हाळं होती, मटणाची दुकानं होती आणि मलकापूरची पोल्ट्री होती.

मागच्या खोलीत जाळीचे तीन पिंजरे होते. एकात पोल्ट्रीतल्या माश्या. त्यांना सर 'पोचलेल्या' म्हणत. उरलेल्या दोन्हींत भोळ्या. पाटणच्या वर एका धनगरवाड्यावरून, जिथं फवारणीचं औषध कधी पोचलंच नव्हतं, तिथून सरांनी त्यांची मूळ जोडपी आणलेली. तेव्हापासून पिढ्यामागून पिढ्या त्यांना औषधाचा वास लागू दिला नव्हता. बाकीच्या माश्या किती निबर झाल्या हे मोजायचं तर एक न बिघडलेली माशी हाताशी हवी, हे त्यामागचं शास्त्र. सर मात्र शास्त्रापुरते थांबत नसत. सकाळी खोलीत शिरले की पहिल्यांदा भोळ्यांच्या पिंजऱ्यापाशी जात आणि विचारत, "काय गं बायांनो, बऱ्या हाय न्हवं?" पोचलेल्यांना कधी काही विचारलेलं मी ऐकलं नाही.

दर महिन्याला कागद काढायचा. काचेच्या कांडीनं एक माशी थेंबभर पाण्यात वाटायची, तो थेंब गाळणकागदावर टेकवायचा, वरून एक द्रव आणि मग रंगाची पूड कालवून घालायची. एन्झाइम भरपूर असेल तर डाग गडद जांभळा पडतो, बेताचं असेल तर फिकट. पोचलेल्यांचे कागद जांभळाच्या फोडींसारखे दिसत. भोळ्यांच्या कागदावर काही आहे का हे बघायला खिडकीत जावं लागे. पहिल्या वर्षी मी एकदा पोचलेल्यांचा कागद काढला आणि तोही फिकट आला. मी धावत सरांकडं गेले, पोल्ट्रीतल्या माश्या सुधारल्या म्हणून. सर पोटभर हसले. "बाय, पूड जुनी झालीया. पूड जुनी झाली की समद्याच भोळ्या दिसत्यात." नवी पूड उघडली आणि डाग जांभळा झाला. तेव्हापासून हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. जुन्या पुडीनं रंग उतरतो, चढत कधीच नाही.

माश्यांच्या अळ्या दूध शिंपडलेल्या कोंड्यात वाढतात. हा कोंडा सरांच्या घरचा. तासगाव भागातल्या त्यांच्या गावी घरामागं चार गुंठ्यांत ते गहू करत, त्यावर काही मारत नसत, साठवताना त्यात काही घालत नसत. कीड लागली तर लागू देत. तो कोंडा पत्र्याच्या डब्यात भरून कॉलेजात यायचा. भिंतीवर खडूनं दोन नियम लिहिले होते. डब्याबाहेरचा कोंडा घालायचा नाही. भोळ्यांच्या दोन्ही पिंजऱ्यांना एका दिवशी नवा कोंडा घालायचा नाही, म्हणजे एकाचं काही बिघडलं तरी दुसरा वाचेल. झाडणारी मावशी ते अक्षर पुसणार नाही याची सर स्वतः काळजी घेत.

मलकापूरचा पोल्ट्रीवाला एकदा सरांना बोलावून घेऊन गेला. माश्यांनी शेजारची घरं हैराण झाली होती आणि औषध दुप्पट करूनही माशी मरत नव्हती. मी बरोबर होते. सरांनी तिथंच खुराड्यासमोर कागद काढून त्याला तो जांभळा डाग दाखवला. तो म्हणाला, "मग तिप्पट मारतो." एक गडी पाठीवर पंप घेऊन शेजारीच उभा होता, तोंडाला नुसता टॉवेल बांधलेला. सरांचा आवाज एकदम चढला. असा चढलेला मी एकदाच ऐकला. "माशीकडं शंभर कात्र्या हायत. तुज्या ह्या गड्याकडं किती हायत, बघिटलंस का?"

परतताना ढेबेवाडी फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा त्यांनी बापूचं सांगितलं. बापू त्यांचा धाकटा भाऊ. गावातल्या द्राक्षबागांत फवारणीला जायचा. "तिघांनी एकाच टाकीतलं औषध मारलं. एकच सकाळ, एकच बाग. दोघं घरी आले, आंघोळ केली, जेवले. बापू बांधावर बसला आन् तिथनं उठलाच न्हाई." चहा तसाच निवला. "डाक्टर म्हणले, एकेकाची प्रकृती. मला तवा काय कळत न्हवतं, पण वाटलं, ही प्रकृती म्हंजे काय ते एकदा बघायचं. त्या तिघांत काय फरक व्हता? आता सांगता येतंय, बाय. माणसातबी कात्र्या कमीजास्ती असत्यात. बापूच्या कमी असतील. आई त्याला भोळाच म्हणायची." मग कप बाजूला सारून म्हणाले, "ज्याला सोसत न्हाई त्याच्यासाठी जगात कुठंतरी एक पिंजरा असावा." मला रडू येत होतं आणि शेजारी पोल्ट्रीवाल्याचा ड्रायव्हर बसला होता.

हे सगळं मला माहीत होतं, हे आधी सांगून टाकते. पुढं जे झालं ते अजाणतेपणी झालं, अशी पळवाट मला नाही.

दोन वर्षांनी सर कॉलेजच्या जिन्यात छाती धरून बसले. कराडला दवाखान्यात नेलं, तिथून सांगलीला मुलीकडं. महिना-दीड महिना विश्रांती. पिंजरे माझ्याकडं आले. रोज संध्याकाळी फोन यायचा. आवाज खोल गेलेला, प्रश्न एकच. "भोळ्या बऱ्या हायत न्हवं?" मी अभिमानानं हो म्हणायची. जरा जास्तच लाडानं खाऊ घालत असणार मी, कारण सर परत यायच्या आत डबा संपला.

त्याच आठवड्यात नवरा दहा दिवसांच्या रजेवर आला होता. तासगावला सरांच्या घरी जाऊन काकूंकडून कोंडा आणायचा म्हणजे एक अख्खा दिवस. घरी पोत्यात कोंडा होता, आमच्याच गव्हाचा, स्वच्छ. पिशवीभर घेतला. शनिवारी दुपारी विट्याची गाडी चुकेल म्हणून घाईनं तिन्ही पिंजऱ्यांना एकदम घातला, दूध शिंपडलं, कुलूप लावलं. भिंतीवरचे दोन्ही नियम माझ्या पाठीमागं होते. मी वळून पाहिलंसुद्धा नाही.

सोमवारी दार उघडलं तर भोळ्यांचा खोलीभर असणारा तो बारीक गुणगुणाट नव्हता. दोन्ही पिंजऱ्यांच्या तळाला काळा थर पडला होता. कोंड्यातल्या अळ्या आखडून गेलेल्या. तिसऱ्या पिंजऱ्यात पोचलेल्या मजेत उडत होत्या, त्याच कोंड्यावर. सर सगळं आयुष्य जे समजावून सांगत होते ते माझ्यासमोर मांडून ठेवलेलं होतं, आणि ते मीच मांडलं होतं.

सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "किडीची पावडर घातल्याबिगर गहू ऱ्हातोय व्हय? आपण चपातीचा धुऊन दळतो की. कोंडा जनावराचा, तो कशाला धुवायचा?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडं सगळ्यांच्या कोठीत ती पावडर असते. आमच्या म्हशीला काही होत नाही, म्हणून मीही कधी विचारलं नव्हतं.

मी खाली बसून रडले. मग उठले, सरांचीच एक जुनी नळी तोंडात धरली आणि पोचलेल्यांतल्या निम्म्या माश्या ओढून ओढून भोळ्यांच्या दोन पिंजऱ्यांत सोडल्या. पिंजऱ्यांवरच्या 'भोळ्या' लिहिलेल्या चिठ्ठ्या तशाच ठेवल्या. संध्याकाळी फोन आला. "भोळ्या बऱ्या हायत न्हवं?" मी म्हटलं, "हो सर." त्यांच्या मुलीनं सांगितलं होतं, बाबांना ताण देऊ नका. हे कारण मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं. खरं कारण भीती होती. पुढचे पंधरा दिवस मी रोज तेच दोन शब्द म्हणत राहिले.

सर आले ते अर्धे होऊन आले. सदरा खांद्यावरून ओघळत होता. खोलीत शिरले, भोळ्यांपाशी गेले, विचारपूस केली, मग म्हणाले, "कागद काढू." मी म्हटलं, सर, आज नको, दमला असाल. त्यांनी ऐकलं नाही. माशी नेहमीसारखी नीट वाटली. थेंब टेकवला, द्रव घातला, पूड घातली. आम्ही दोघं शेजारी उभे राहून बघत होतो. डाग जांभळा होत गेला, होतच गेला.

सरांनी तो कागद उजेडात धरून पाहिला. मग दुसऱ्या पिंजऱ्याचा काढला. तोही तसाच. त्यांची नजर कोपऱ्यातल्या रिकाम्या डब्यावर गेली, तिथून भिंतीवरच्या अक्षरांवर. माझ्याकडं मात्र त्यांनी पाहिलं नाही. कागद दुमडून वहीत ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, "पूड जुनी झालीया, बाय."

मी "हो सर" म्हटलं. आम्हा दोघांनाही माहीत होतं, की जुन्या पुडीनं डाग चढत नाही.

त्यानंतर सर दोन वर्षं होते. निवृत्त झाले तरी आठवड्यातून दोनदा गावाहून यायचे, कोंडा घालायचे. भोळ्यांना विचारायचे, बऱ्या हाय न्हवं. त्या माश्या भोळ्या नाहीत हे जाणून विचारायचे. कागद त्यांनी पुन्हा काढला नाही. एकदाच, खिडकीत बसल्याबसल्या, विषय नसताना म्हणाले, "औषध मिळालं न्हाई की हळूहळू उतरतंय, बाय. शंभर कात्र्या बाळगायच्या म्हंजे अंगाला भार हायच की. पर पिढ्या जाव्या लागत्यात." मी त्यावर पुष्कळ विचार केला. ते माश्यांबद्दल बोलत होते, की मला काही सांगत होते, हे अजून ठरवता आलेलं नाही.

सांगून टाकायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. औंधला यमाईच्या डोंगरावर माश्या धरायला गेलो होतो. पायऱ्यांवर दम खात बसलो आणि मी सुरुवात केली, "सर, तुमच्या त्या आजारपणात..." सरांनी घाईनं नळी तोंडात धरली आणि पेढ्याच्या चुऱ्यावरची माशी ओढायला वाकले. नळी तोंडात असली की बोलता येत नाही. त्या दिवशी त्यांनी बराच वेळ नळी तोंडातून काढली नाही, आणि नंतर मला धीर झाला नाही. मी भित्री आहे. हे मला आवडत नाही, पण आहे.

सर गेले ते झोपेत गेले. दहावा झाल्यावर मी त्यांच्या गावी काकूंना भेटायला गेले. ओसरीत फोटो, हार. काकूंनी पाणी दिलं आणि आतून एक चपलांचं खोकं आणून माझ्यापुढं ठेवलं. "ह्ये तुमच्या कामाचं आसंल म्हणून ठिवलंय."

आत कागद होते. गठ्ठ्यानं बांधलेले, महिन्यामागून महिने, वर्षांमागून वर्षं. प्रत्येकाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'भोळ्या', आणि मध्ये जवळजवळ काहीच नाही. सगळ्यांत वर तो एक जांभळा. त्याच्या कोपऱ्यात त्यांनी काही लिहिलं नव्हतं.

"हा कागद काढला त्या दिवशी घरी आल्ते," काकू म्हणाल्या. "दारातच म्हणले, आज बापू गेला. मी म्हटलं, आवं, काय बोलताय? भावजींना जाऊन किती वर्सं झाली. तर म्हणले, न्हाई, आज गेला. जेवले न्हाईत."

मी तिथंच सगळं सांगितलं. कोंडा, पावडर, गाडीची घाई, चिठ्ठ्या, रोजचं ते 'हो सर'. जे दोन वर्षं त्यांच्यापुढं तोंडातून निघालं नाही, ते त्यांच्या फोटोपुढं घडाघडा निघालं. काकू पदराला हात पुसत ऐकत होत्या. त्यांना राग आला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "त्यांनी डबा बघिटला तवाच वळखलं. मला म्हणले, माझीच चूक. डबा एकच ठिवला. संपल्यावर त्या पोरीनं काय करायचं? ती इचारणार कुणाला, मी तर खाटंवर." मग त्या उठून माजघरात गेल्या आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. नवा होता, तोंडापर्यंत भरलेला, झाकणाला कापड बांधलेलं. "त्या सालापास्नं दोन डबे भरायचे. एक घिऊन जायचे, एक हितं तयार. म्हणायचे, मी आसलो नसलो तरी तिला दुसऱ्याचा कोंडा लागता कामा न्हाई. ह्यो त्यांनी शेवटचा भरल्याला. घिऊन जावा."

तासगावहून कराडच्या गाडीत मी तो डबा मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, वर ठेवा मॅडम, जागा आहे. मी ठेवला नाही. एवढी वर्षं मला वाटत होतं, सरांनी मला माफ केलं की नाही हे कळायला हवं. ते त्यांनी केव्हाच करून, वर कोंडा दळून ठेवला होता, आणि मी मात्र त्यांना एकदाही खरं उत्तर दिलं नव्हतं.

पिंजरे अजून त्याच खोलीत आहेत. दर महिन्याला मी कागद काढते आणि खिडकीत नेऊन बघते. डाग अजून जांभळाच आहे. भिंतीवरचं अक्षर पुसट झालं होतं, ते मी खडूनं गिरवून घेतलं.

त्या दिवशी गावाहून आल्यावर दुसऱ्या सकाळी मी खोली उघडली, डब्याचं कापड सोडलं आणि नवा कोंडा घातला. एकाच पिंजऱ्याला.